डार्ट्सचा पॅलेस आणि माळेगावचा फड

आवाज थोडा बसलाय, समजून घ्या. काल शेतातून यायला उशीर झाला आणि थंडी लई होती.

मागच्या आठवड्यात लातूरच्या एका श्रोत्यानं मला एक रील पाठवली. हॉस्टेलवर राहतो, नीटची तयारी करतो. रीलमध्ये लंडनचा एक भलामोठा हॉल. हजारो माणसं. कुणी केळ्याचा वेश केलाय, कुणी वाहतूक पोलिसाचा. सगळे उभं राहून गायलेत. आणि समोर स्टेजवर एक पोरगा भिंतीवरच्या गोल फळीवर बारीक बाण फेकतोय. ल्यूक लिटलर. ३ जानेवारी २०२५ ला त्यानं मायकेल व्हॅन गर्वेनला ७-३ नं हरवलं आणि डार्ट्सचा जगज्जेता झाला तेव्हा तो १७ वर्षांचा होता. रीलखाली आमच्या श्रोत्यानं लिहिलंय, 'भाऊ, आपल्या नांदेड-लातूरकडं असलं काही कामून नाही?'

आहे की! फक्त आपल्याकडं त्याला भिंती नाहीत, छप्पर नाही, आणि ते वर्षातून काहीच दिवस असतं. माळेगावची यात्रा. आज त्याच्यावर बोलू. पण त्याआधी हा डार्ट्सचा हॉल कुठून आला ते बघू, कारण ती गोष्ट माहीत असली की माळेगाव वेगळं दिसायला लागतं.

त्या हॉलचं नाव अलेक्झांड्रा पॅलेस. नाव पॅलेस, पण राजा-राणी तिथं कधीच राहिली नाहीत. लंडनच्या साध्या लोकांना सुट्टीच्या दिवशी जायला जागा पाहिजे म्हणून टेकडीवर बांधलेली ती करमणुकीची वास्तू. २४ मे १८७३ ला उघडली आणि सोळा दिवसांत जळून गेली. सोळा! दोन वर्षांत परत बांधली. मग पहिल्या महायुद्धात तिथं जर्मन नागरिकांना नजरकैदेत ठेवलं. १९३६ साली बीबीसीनं नियमित टेलिव्हिजन प्रसारण तिथूनच सुरू केलं. १९८० मध्ये परत आग. एवढं होऊन ती जागा उभी आहे, आणि डार्ट्सची जागतिक स्पर्धा तिथं गेली डिसेंबर २००७ मध्ये. म्हणजे इमारतीचं वय सव्वाशेच्या पुढं गेलं तेव्हा.

त्याच्या आधी डार्ट्स कुठं होतं? पबात. दारू प्यायला माणसं जमायची, भिंतीवर फळी लटकवलेली असायची. पबांच्या आपापसात लीग चालायच्या. १९७८ साली पहिली मोठी जागतिक स्पर्धा नॉटिंगहॅमच्या एका क्लबात झाली. पुढच्या वर्षी ती स्टोक शहरातल्या जॉलीज नावाच्या कॅबरे क्लबात गेली आणि १९८५ पर्यंत तिथं राहिली. मग १९८६ पासून लेकसाइड. ९४ मध्ये वेगळ्या झालेल्या खेळाडूंची स्पर्धा सर्कस टॅव्हर्नमध्ये. आता या जागा नीट बघा. जिथं रोज रात्री गाणी, विनोद, नाच चालायचा, जेवण-दारू चालायची, त्याच स्टेजवर खेळ आला. खेळासाठी म्हणून यातली एकही जागा बांधलेली नव्हती. करमणूक आधीपासून होती, खेळ तिच्या मांडवात येऊन बसला.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. कारण आमच्याकडं दिवसा कुस्ती आणि रात्री तमाशा, एकाच माळावर!

तर माळेगाव. नांदेड जिल्हा, लोहा तालुका. नांदेडहून लातूरला निघालात की लोहा मागं टाकायचं, अहमदपूर यायच्या आधी रस्त्यालाच खंडोबाचं देऊळ लागतं. एरवी गाडीतून गेलात तर तुम्ही मोबाइलमधून मान वर काढणार नाही असं गाव. पण मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी आली की तिथं शहर उभं राहतं. देवाची पालखी निघते, त्याला देवस्वारी म्हणतात. भंडारा उधळतात, 'येळकोट येळकोट जय मल्हार' होतं, आणि यात्रा सुरू.

तिथी नीट ऐका, चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी अमावस्या, म्हणजे आपली येळवस. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांसाठी सांगतो, येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर शहरात कर्फ्यू लागल्यासारखं असतं, कारण अख्खं शहर शेतात जेवायला गेलेलं असतं. भज्जी, अंबिल, बाजरीचे उंडे, खीर. जिल्ह्यात सुट्टी असते. रब्बीचं पीक हिरवंगार, ज्वारी कमरेच्या वर, खरिपाचा थोडा पैसा हातात आलेला, पावसाची भीती नाही, काढणीला वेळ आहे. वर्षात शेतकऱ्याला निवांत म्हणावं असे जे मोजके दिवस मिळतात ते हेच. आमच्या भागानं करमणुकीला इमारत नाही दिली, तारीख दिली. आणि ती तारीख शेताकडं बघून ठरलेली आहे.

आता यात्रा म्हणजे नुसता देव नाही. माळेगाव ओळखलं जातं जनावरांच्या बाजारासाठी. घोडे, गाढवं, उंट, बैल. त्यातली लालकंधारी ही तर इथल्याच मातीतली जात. लोहा तालुका अलीकडचा, आधी हा सगळा कंधारचाच भाग. आणि लातूरकडून येणारी देवणी. घोडे बघायला येणारे शौकीन वेगळे आणि गाढवं घ्यायला येणारे वेगळे, वीटभट्टीवाले, माती वाहणारे. महाराष्ट्राच्या बाहेरूनही व्यापारी येतात. भटक्या जमातींची माणसं वर्षभर चारी दिशांना फिरत असायची, त्यांची भेट व्हायची ती इथं. सोयरिकी इथं जुळायच्या, जातपंचायती इथं बसायच्या. त्या पंचायतींनी न्याय केला तसा लोकांचा छळही केला, विशेषतः बायांचा, हे सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही.

ही यात्रा किती जुनी? साल सांगणारे खूप भेटतील, मी सांगणार नाही. एवढं सांगतो की हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ ला मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. राज्यं बदलली, माळावरचा बाजार भरत राहिला. १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. आज पशुप्रदर्शन, कृषी प्रदर्शन, कुस्त्या, लावणी महोत्सव, लोककला महोत्सव असे सरकारी कार्यक्रम नांदेडची जिल्हा परिषद घेते. कोरोनात यात्रा भरली नाही तेव्हा आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणायची की देव घरात कोंडला.

बरं, कुस्ती. (इथं मी मागच्या यात्रेतलं हलगीचं रेकॉर्डिंग लावतोय, हेडफोनचा आवाज कमी करा.)

फड म्हणजे काय? मोकळी माती, भोवती माणसांचं कडं. पुढचे मांडी घालून, मागचे उभे, त्याच्या मागचे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, आणि काही महाभाग बाभळीवर. आधी बारकी पोरं. त्यांची कुस्ती नारळावर, नाहीतर रेवड्यांवर. मग पन्नासाची, शंभराची, पाचशेची. रक्कम चढत जाते तसे पैलवान थोर होत जातात आणि शेवटची कुस्ती सगळ्यात मोठ्या इनामाची. तिच्यासाठी माणूस ऊन उतरेपर्यंत हलत नाही.

यात मला सगळ्यात भारी वाटतं ते जोड लावणं. मॅटवरच्या स्पर्धेत आधी वजनकाटा, मग गट, मग ड्रॉ. फडात वजनकाटा नाही. पोरगं लंगोट लावून फडात फिरतं. पंच म्हणजे गावातले, तालुक्यातले जुने वस्ताद. ते एका पोराचा दंड धरतात, दुसऱ्याला हाक मारतात, दोघांना शेजारी उभं करतात. उंची बघतात, मान बघतात, खांदा दाबून बघतात. जमलं तर हातात हात देतात आणि माती लावतात. जमलं नाही तर 'नाही, हा जड हाय' म्हणून परत पाठवतात. माझे चुलते हे काम करायचे. त्यांना शाळेचं गणित येत नव्हतं. पण दोन पोरांच्या वजनात तीन-चार किलोचा फरक असला तर ते लांबून सांगायचे. जोड चुकली की पोराचा खांदा निखळतो, म्हणून तिथं कुणाची भीड चालायची नाही. सरपंचाचा भाचा असला तरी नाही.

आणि हलगी. डार्ट्सच्या हॉलात तीन-साडेतीन हजार माणसांना ती बारकी फळी दिसतच नाही हो. पुढं पडदे आहेत, आणि एक माणूस आहे जो माईकवर गुण ओरडतो. तीन बाण तिहेरी वीसमध्ये बसले की 'वन हंड्रेड अँड एटी' असा लांबवून ओरडतो आणि हॉल फुटतो. टीव्हीवर तर सत्तरच्या दशकात पडद्याचे दोन भाग केले, एकात खेळाडूचा चेहरा, एकात फळी, तेव्हा कुठं लोकांना खेळ कळायला लागला. आमच्याकडं हे काम हलगीवाला करतो. तुम्ही सातव्या रांगेत आहात, पुढं फेटेच फेटे. हलगी संथ आहे म्हणजे नुसती खडाखडी चाललीय. लय वाढली म्हणजे कुणीतरी पट काढला. एकदम तुटली आणि आरडाओरडा झाला म्हणजे चितपट. जिंकलेला पैलवान मग कड्याभोवती फिरतो आणि लोक दहा-वीसच्या नोटा हातात देतात. इनामाच्या वर हे.

या दहा-वीसच्या नोटांवर जरा थांबतो, कारण त्या श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच दिसतं.

पैलवान घडवणं महाग काम आहे. दूध, तूप, बदाम, तालमीत राहायचा खर्च. कोरडवाहू चार एकरवाल्याचं पोरगं हा खुराक कुठून आणणार? तर यात्रांमधून. डिसेंबर-जानेवारीत माळेगाव. महाशिवरात्रीला लातूरची सिद्धेश्वर-रत्नेश्वर यात्रा. पाडव्यापासून गावोगावच्या चैत्री जत्रा. पोरगं आज इथं तर परवा तिथं. एका हंगामात शंभर-शंभर, पाचशे-पाचशे करत पुढच्या काही महिन्यांचा खुराक निघायचा. शिवाय नजरेत भरलं तर कुणीतरी वस्ताद कोल्हापूरला नाहीतर पुण्याला घेऊन जायचा. इंग्लंडात पबच्या लीगांनी जे केलं ते आपल्याकडं जत्रांच्या साखळीनं केलं.

हवेत बोलत नाही, नावं घ्या. हरिश्चंद्र बिराजदार, निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड गाव. १९६९ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातूरला झाली आणि ती त्यांनी जिंकली. लातूर तेव्हा जिल्हासुद्धा नव्हतं, उस्मानाबाद जिल्ह्यातलं गाव होतं. पुढच्याच वर्षी एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. पुढं ते पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत शिकवायला लागले. लातूरचेच काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाले, अर्जुन पुरस्कारापर्यंत गेले. आणि बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे, २०१८ ला गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण, तोही बिराजदार मामांचाच चेला. मामा २०११ मध्ये गेले, ते सोनं बघायला नव्हते. एडिंबरा ते गोल्ड कोस्ट अठ्ठेचाळीस वर्षं, आणि धागा एकच. तो मराठवाड्यातल्या मातीच्या फडातून सुरू झाला.

रात्रीचं माळेगाव वेगळं. अंधार पडला की तमाशाच्या कनाती. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो, त्यामुळं माळेगाव फडमालकांना ऐन हंगामात सापडायचं. गण, गवळण, बतावणी, मग पहाटेपर्यंत वग. शेजारी मौत का कुआँ, पाळणे, आणि टुरिंग टॉकीज. ट्रकात प्रोजेक्टर, तंबूत पडदा, जमिनीवर बसायचं. पडद्याच्या मागच्या बाजूनंही माणसं बसायची, तिथून हिरो डावखुरा दिसायचा. २०१० नंतरच्या दोन-चार वर्षांत रिळांच्या प्रिंट येणंच बंद झालं. थिएटरं डिजिटल झाली, आणि तंबूवाल्यांपैकी फार थोड्यांना ते यंत्र परवडलं. आता तुमच्या खिशात टॉकीज आहे म्हटल्यावर तंबूत कोण बसणार? मीपण बसणार नाही, उगीच गळा काढत नाही.

लावणीचं तसं नाही. महोत्सवाच्या मंचावर ती आहे, गर्दी तुफान आहे. पण मला खटकतं ते सांगतो. नाचणाऱ्या बाईला टाळ्या आणि शिट्ट्या मिळतात, आणि मंचावर सत्कार मात्र भलत्यांचेच होत बसतात. कुठल्याही सरकारी कार्यक्रमाला जा, हेच दिसेल. ढोलकीवाला कडेला तासभर वाद्य गरम करत बसलेला असतो आणि माईक काही सुटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, डार्ट्सचं काय? माळेगावात नेम धरायचा खेळ नाही का? आहे ना, फुगे फोडायची बंदूक! फळीवर रंगीत फुगे, हातात छर्ऱ्याची बंदूक, आणि दुकानदार म्हणतो 'दहाला सहा'. त्यातली खुबी ऐका. फुगा मुद्दाम कमी फुगवतात. कमी फुगवला की रबर ताणलेलं नसतं, छर्रा लागला तरी फुगा दबतो आणि वाचतो. माशीही जरा वाकडी असते. नेम चांगला असला तरी दोन-तीन छर्रे बंदुकीची खोड समजण्यातच जातात. पण तरी तो नेमाचाच खेळ. खोड कळली की पोरं सलग सहा फोडतात. त्याच्या पलीकडं, कंदिलाच्या उजेडात गुडगुडी चालायची. चित्रं काढलेला कपडा, डब्यात सोंगट्या, लाव पैसा. तिथं नेम नाही, खोड नाही, नुसतं नशीब. पोलीस आले की कपडा गुंडाळून पळ.

हा फरक कायद्यातसुद्धा आहे. १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा कौशल्याच्या खेळाला जुगारात धरत नाही. याच एका शब्दावर, 'कौशल्य', मोबाइलवरच्या रमी आणि फँटसी टीमवाल्यांनी वर्षानुवर्षं धंदा केला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आणली तोवर आमच्या ओळखीतल्या दोन पोरांनी सोयाबीनची पट्टी त्यात घातली होती. गुडगुडीवाल्याला निदान पळावं तरी लागायचं.

तर आज फडाची काय अवस्था आहे? माणसं येतात. गर्दीची काळजी मला नाही. मोबाइल उंच धरून शूटिंग करणारी पोरं असतात, त्यामुळं सातव्या रांगेतल्याला आता अकराव्या रांगेतलं दिसतं एवढंच. काळजी आहे ती जोड लावणाऱ्या माणसांची. चुलते गेले. त्यांच्या जोडीचे दोघं-तिघं उरलेत, एकाला मोतीबिंदू. हे काम कुठं लिहिलेलं नाही. गावातल्या तालमी बऱ्याच ठिकाणी बंद आहेत. कुठं तिथं अभ्यासिका झाली, कुठं भरतीची पोरं फक्त पाऊस आला की दंड मारायला येतात. पोलीस भरती, आर्मी भरती, यात काही वाईट नाही, घर चालतं. पण सोळाशे मीटर पळून झालेला पोरगा आणि आठ वर्षं माती अंगाला लावलेला पोरगा यांची जोड लागत नाही. तालमी कमी झाल्या की मधली पन्नासाची, शंभराची कुस्ती आधी मरते. बाहेरून बोलावलेल्या मोठ्या पैलवानांची लाखाची कुस्ती राहते, पोस्टरवर फोटो राहतात, आणि नारळावर खेळणाऱ्या पोराला पुढची पायरी सापडत नाही.

एक गोष्ट मात्र वाढलीय. पोरी. २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, आणि त्यानंतर आमच्याकडच्या जत्रांतही मुलींच्या कुस्त्यांची घोषणा व्हायला लागली. मागच्या साली एका फडात मी बघितलं, पंचांनी एका मुलीची जोड शोधली, मिळेना. मग तिनं स्वतःच कड्यात बोट दाखवलं, 'ती बघा, ती खेळती, माझ्या शाळेत हाय.' ती दुसरी आईच्या मागं लपत होती. पाच मिनिटांनी दोघी मातीत होत्या. बरोबरीत सुटली. नारळ एकच होता, तिथंच फोडून अर्धा-अर्धा दिला.

आमच्या लातूरच्या श्रोत्याला सांगतो, नीट मे महिन्यात असते, येळवशीला तुला तसंही कुणी वर्गात बसवणार नाही. आदल्या दिवशी एसटी पकड. मफलर घे, रात्री माळावर वारं लागतं. कुस्तीची वेळ पत्रकात असते, तिच्या तासभर आधी जा. आणि बसायचं कुठं, तर हलगीवाल्याच्या डाव्या हाताला. पंच जोडीला हाक मारतात ती तिथून स्पष्ट ऐकू येते.